कासवं फ्रीजमध्ये : २०२४-२५ च्या थंडीच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

मागच्या वर्षी सगळं डोक्यात ठेवलं होतं आणि जानेवारीत काही म्हणजे काही आठवेना, खाणं कधी बंद केलं, वजन किती होतं, शीतनिद्रेसाठी (थंडीतल्या लांब झोपेसाठी) कधी झोपवलं. म्हणून यंदा लिहून ठेवतेय. कार्डिफमधलं घर, मागे बाग, बाजूला गॅरेज, दोन कासवं.

एक गोट्या. हर्मन जातीचा, वय सहा, ब्रीडरकडून सर्टिफिकेटसकट घेतलेला. दुसरी जॉर्जताई, ती यंदा एप्रिलमध्ये आली, पलीकडच्या घरातल्या आजी केअर होममध्ये गेल्या तेव्हा. आजींनी तिला १९७० च्या दशकात एका पेट शॉपमधून आणलं होतं, त्या काळी भूमध्य समुद्राच्या बाजूने जहाजं भरभरून कासवं इकडे यायची आणि त्यातली पुष्कळशी पहिल्या एक-दोन थंडीतच जायची. १९८४ मध्ये ती आयात बंद झाली. ही त्यातून वाचलेली. पन्नासेक वर्षं तिचं नाव जॉर्ज, मे महिन्यात मी व्हेटकडे नेलं तर त्याने उलटी करून बघितली आणि म्हणाला ही मादी आहे, शेपूट आखूड, पोटाची बाजू सपाट. नराची शेपूट लांब आणि पोट जरा आत गेलेलं असतं. आता पन्नाशीत कुठे नाव बदलायचं, नुसतं ताई जोडलं. तसंही ही इथली जुनीच परंपरा दिसतेय. अठराव्या शतकात सेलबोर्न गावात गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री होते, त्यांच्याकडचं कासव टिमोथी, तेही नंतर मादीच निघालं. कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. व्हाइटसाहेबांनी लिहून ठेवलंय की ते नोव्हेंबरच्या मध्याला जमिनीत जायचं आणि एप्रिलच्या मध्याला वर यायचं. पाच महिने! आपण एवढं करणार नाहीये.

आजचे आकडे. कणीक मोजायच्या काट्यावर गोट्या ४१८ ग्रॅम, जॉर्जताई १८८० ग्रॅम. लांबी मोजताना कवचावरून टेप फिरवायची नाही, सरळ लांबी हवी, म्हणून फरशीवर दोन इडलीचे डबे ठेवून मध्ये कासव उभं केलं आणि डब्यांमधलं अंतर मोजलं. गोट्या १२८ मिलिमीटर, ताई २१०. वजन आणि लांबीचा मेळ बघायला जॅक्सन रेशोचा तक्ता असतो, दोघं त्यात बरोबर बसतात. हा तक्ता हर्मन आणि स्पर-थाय या दोनच जातींवरून काढलेला आहे, हॉर्सफील्ड जातीवाल्यांनी तो लावू नये, त्यांची ठेवणच गोल असते.

शी तपासायला दोन डब्या भरल्या. त्या सोमवारपर्यंत घरच्या फ्रीजमध्ये, लोणच्याच्या मागे. नवऱ्याला सांगितलेलं नाही.

२१ सप्टेंबर

रिपोर्ट आला. ताई स्वच्छ, गोट्याला पिनवर्म. फेनबेंडाझोल हे जंताचं औषध दिलं, दोन आठवड्यांनी परत शी तपासायची. हे काम सप्टेंबरातच का तर जंत घेऊन झोपवायचं नसतं, आणि औषधानंतर आतडी पूर्वपदावर यायला वेळ लागतो. अजून एक, कुत्र्यामांजरांना आणि गाईगुरांना सर्रास देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही द्यायचं नाही, त्याने कासव मरतं. उरलेलं औषध आहे घरात तर देऊन टाकू, असं इथे चालत नाही.

व्हेटने डोळे, नाक, तोंड बघितलं. नाकातून पाणी, सुजलेल्या पापण्या, तोंडात पिवळट थर, हलकं वजन, यातलं एक जरी असेल तर त्या वर्षी झोप नाही, उबेच्या दिव्याखाली हिवाळा काढायचा. दोघं पास.

५ ऑक्टोबर

फ्रीज आणला. जुना, तीस पाउंडांना, खाली-वर सगळा नुसता फ्रीज, बर्फाचा कप्पा नाही. बर्फाचा कप्पा असला की त्याच्या आसपास तापमान खूप खाली जातं. विकणाऱ्याने "एकदम मस्त चालतो" असं सांगितलं होतं, तो मस्त चालतो पण ट्रॅक्टरसारखा चालतो. म्हणून गॅरेजमध्ये ठेवला. (ही चूक होती, पुढे बघा.)

कासव फ्रीजमध्ये ठेवायचं म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात तसं तुम्हीही बघत असाल तर सांगते. भूमध्य समुद्राकडची ही कासवं तिकडे थंडीत जमिनीत शिरून झोपतात. इथली थंडी मात्र बेभरवशाची, डिसेंबरात एक आठवडा उणे तीन आणि पुढचा आठवडा बारा-तेरा. मागच्या वर्षी गोट्याला जुन्या पद्धतीने खोक्यात खोकं, मध्ये कागदाचा चुरा, असं गॅरेजमध्ये ठेवलं होतं आणि डिसेंबर इतका उबदार गेला की ख्रिसमसच्या आधीच आतून खरखर खरखर सुरू. दहा अंशांच्या वर गेलं की कासव अर्धवट जागं होतं, खात तर नाही पण अंगातली शिदोरी जाळत बसतं. शून्याच्या खाली गेलं तर त्याहून वाईट, डोळे जातात, जीवही जातो. पाच अंश हवेत, तीन ते सातच्या मध्ये, आणि सलग. ते कॅलेंडर न बघता देणारी एकच वस्तू म्हणजे फ्रीज.

सामान : कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर, त्याची वायर आत आणि स्क्रीन बाहेर, अलार्म ३ आणि ७ वर लावलेला. दोन लिटरच्या आठ बाटल्या पाणी भरून खालच्या कप्प्यात आणि दारात, म्हणजे दार उघडलं तरी तापमान लगेच हलत नाही. दोन प्लॅस्टिकचे डबे, झाकणाला आणि बाजूंना सहा मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं. डबा एवढाच की कासवाला आत वळता येईल, हॉल नको. आत बिनखताची बागेची माती, थोडी वाळू मिसळून, हातात दाबली तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये इतपत ओली. नुसत्या कागदाच्या चुऱ्यापेक्षा मातीत कासव कमी सुकतं.

आता फ्रीज रिकामा चालवून बघणार, कासवं येण्याआधी किमान दोन आठवडे.

१२ ऑक्टोबर, दसरा

फ्रीज ४.६ ते ५.४. नॉब दोनच्या जरा पुढे, तिथे मार्करने रेघ मारली. फ्रीजला झेंडूच्या बदल्यात बागेतलं एक पिवळं फूल वाहिलं आईने, यंत्राची पूजा म्हणून. आई सप्टेंबरअखेर मिरजेहून आलीये, जानेवारीपर्यंत आहे. तिला अजून मी या फ्रीजमध्ये काय ठेवणार ते नीट सांगितलेलं नाही. तिला वाटतंय दिवाळीचा फराळ.

१९ ऑक्टोबर

जॉर्जताईचं शेवटचं जेवण. बागेतली डँडेलायनची पानं, थोडं प्लॅन्टेन (केळं नव्हे, त्या नावाचं तण), वर खरवडलेलं कटलफिशचं हाड. आवडीने खाल्लं, हिरवं तोंड घेऊन दिव्याखाली बसली.

आईला आज सांगावं लागलं. तिचा प्रश्न सरळ होता, उद्यापासून हिला काय द्यायचं. म्हटलं काही नाही. म्हणजे उद्या काही नाही? म्हटलं तीन आठवडे काही नाही, आणि नंतर तीन महिने काही नाही. यावर जे झालं ते लिहीत नाही. "मुक्या जनावराला उपाशी मारतेस आणि वर डायरी लिहितेस" हे त्यातल्या त्यात सौम्य वाक्य होतं.

कारण समजावलं, इथेही लिहून ठेवते. कासवाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. थंडीत ते जवळजवळ थांबतं, आणि आतड्यात अन्न राहिलं तर ते पचत नाही, कुजतं. त्यातून वायू, त्यातून विष, आणि कासव झोपेतच जातं, आपल्याला मार्चमध्ये कळतं. म्हणून आधी पोट रिकामं करायचं. मोठ्या कासवाला तीन-चार आठवडे लागतात, गोट्याएवढ्याला साधारण दोन. आणि या काळात सुरुवातीला दिवा नेहमीसारखा चालू, ऊब नेहमीसारखी, कारण ऊब नसेल तर आतडं हलणारच नाही. उपास आणि गारठा एकदम सुरू केला तर उपासाचा उपयोग शून्य. पोट रिकामं करायचं पण पाणी मात्र भरायचं. रोज अंघोळ. कासव मूत्राशयात पाणी साठवतं, तेच त्याला झोपेत पुरतं.

आई म्हणाली, हे सगळं तिला माहीत आहे का? कोणाला? जॉर्जताईला.

प्लॅन : ताई ९ नोव्हेंबरपर्यंत उपाशी, गोट्याचं शेवटचं जेवण २९ ऑक्टोबरला, दोघं साधारण एकदमच फ्रीजमध्ये.

२७ ऑक्टोबर

घड्याळं एक तास मागे. साडेचारपासून संध्याकाळ, कासवांपेक्षा मलाच झोप येतेय.

अंघोळीचं : भांडी घासायचं जुनं टब, कोमट पाणी, वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथवर, हनुवटी सहज बाहेर राहील इतकं. वीस मिनिटं ते अर्धा तास. ताईला पहिली पाच मिनिटं पाणी आवडत नाही, भिंतीवर नखं घासते. मग थांबते, मान पुढे लांब करते, नाक पाण्यात बुडवते आणि पिते. हे बघत बसावं असं आहे, गळ्याची सुरकुतलेली कातडी आत-बाहेर, आत-बाहेर, आवाज अजिबात नाही, दोन-तीन मिनिटं सलग. मध्येच नाकातून एक बुडबुडा. मग मागून पांढरं काहीतरी सोडते, ओल्या चुन्यासारखं, ते युरेट, म्हणजे लघवीतला घट्ट भाग. ते मऊ असेल तर पाणी पुरेसं चाललंय, खडूच्या भुग्यासारखं कोरडं आलं तर काळजी. आजचं मऊ.

२ नोव्हेंबर, पाडवा

गडबड.

आज उपासाचा चौदावा दिवस. एव्हाना टबात फक्त युरेट आणि थोडं काळपट असायला हवं. सकाळच्या अंघोळीत ताईने चांगली भरघोस, हिरवी, ताजी शी केली. मी चमच्याने ती फोडून बघितली (हो, कासव पाळलं की हे सगळं करावं लागतं) तर आत काकडीच्या बिया. चपट्या, पांढऱ्या, अख्ख्या. चार-पाच तरी.

मी तिला आयुष्यात काकडी दिलेली नाही. या घरात काकडी एकदाच आणली गेली, वसुबारसेच्या दिवशी, २८ तारखेला, कोशिंबिरीसाठी, आणि ती आईनेच चोचवली होती.

टब तसंच हातात घेऊन किचनमध्ये गेले. आई चकल्यांचा डबा भरत होती. बियांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "अगं वसुबारस होती. गाय-वासराला घास द्यायचा असतो. इथे कुठे गाय शोधू?" वेल्समध्ये! बाहेर पडलं की दहा मिनिटांत दोनशे गाई दिसतात! तर म्हणे त्या आपल्या ओळखीच्या नाहीत. घरात चार पायांचं मोठं आणि चार पायांचं छोटं असं होतं, तिने त्यांनाच हळदकुंकू लावलं (कुंकू कवचावर मलाच दिसलं होतं, मला वाटलं लेकाने रंग लावला) आणि घास दिला. बरं एकदाच नाही. त्यानंतर दोनदा कोथिंबीर, आणि काल लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्यातलं थोडं. नैवेद्यातलं काय? "शिरा नाही दिला, काळजी करू नको, नुसती कोशिंबीर." कोशिंबिरीत दाण्याचं कूट असतं. आणि दही.

मी ओरडले. आईसुद्धा ओरडली. लेक म्हणाला जॉर्जताईला खुश होतं ना पण. पाडव्याची ओवाळणी संध्याकाळी साडेआठला झाली.

३ नोव्हेंबर

व्हेटला फोन केला. म्हणाला घाबरण्यासारखं नाही, पण घड्याळ पहिल्यापासून लावा. शेवटचा घास १ तारखेचा, तिथून तीन आठवडे, म्हणजे २२ नोव्हेंबर. दही-दाण्याचं प्रमाण फार नव्हतं, ऊब आणि अंघोळ चालू ठेवा.

गोट्याचा वेगळाच घोळ. त्याचा उपास २९ ला सुरू झालाय (मध्ये आईची कृपा सोडून), आणि छोट्या कासवाला साडेतीन आठवडे उपाशी ठेवणं बरोबर नाही, त्याची शिदोरी कमी. म्हणून त्याला आजपासून परत जेवण, ९ तारखेपर्यंत, आणि मग त्याचे दोन आठवडे. दोघांचं गणित तेवीसच्या आसपास जुळतं.

मला आईचा राग येत होता पण रात्री विचार केला तर तिचंही काय चुकलं. आमच्याकडे दारात आलेल्याला चहा तरी मिळतोच, आणि ही तर घरातली. तिला मी "खायला देऊ नकोस" एवढं सांगितलं, पण रोज सकाळी ताई दिव्याखालून मान वर करून जो कोणी समोरून जाईल त्याच्याकडे बघते, आणि घरात दिवसभर आईच असते. ते बघणं सहन करायची प्रॅक्टिस मला आहे, तिला नाही. मीच कासवांच्या टेबलाला चिठ्ठी लावायला हवी होती. लावली आज. मराठीत, मोठ्या अक्षरात : उपास आहे. पाणी चालेल.

१२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

आई स्वतः उपाशी. दुपारी साबुदाण्याची वाटी घेऊन ती ताईच्या टेबलाशेजारी बसली आणि म्हणाली, एकादशीच्या घरी शिवरात्र आलीये बाई, तुला काय देऊ. दिलं काही नाही, मी बघत होते.

मग तिच्या लक्षात आलं की आषाढीला देव झोपतात, चार महिने, आणि आज उठतात. "आणि तुझं हे ध्यान नेमकं आज निघालंय झोपायला. ते पण त्याचाच अवतार ना?" म्हणजे कूर्मावतार धरला तर आज उठायचा दिवस, झोपायचा नव्हे. हे ऐकल्यापासून मात्र तिचा विरोध एकदम मावळला, कारण चातुर्मासात देवाला कोणी उठवून जेव म्हणत नाही. हे मला महिनाभर आधी सुचायला हवं होतं.

आजपासून उतार. दिवा आत्तापर्यंत बारा तास होता, आता दहा, मग दर दीड-दोन दिवसांनी दोन तास कमी. पाणीही हळूहळू कमी कोमट.

२० नोव्हेंबर

काल-परवा थंडीची लाट, देशात बऱ्याच ठिकाणी बर्फ, आमच्याकडेही सकाळी गवत पांढरं. रात्री दोन वाजता फोनवर अलार्म : फ्रीज २.८. मग २.३. सकाळी १.९. नशीब कासवं अजून आत नाहीत.

आधी वाटलं फ्रीज बिघडला. बिघडला नव्हता, डोकं माझं चाललं नव्हतं. फ्रीज फक्त थंड करू शकतो, गरम नाही करू शकत. गॅरेज रात्री एक अंशावर गेलं, तर फ्रीज बंद पडून नुसतं कपाट झाला, आणि आतलं तापमान बाहेरच्या मागे मागे खाली. ऑक्टोबरातली माझी दोन आठवड्यांची टेस्ट दहा-बारा अंशांच्या गॅरेजमध्ये झाली होती, त्या टेस्टला काही अर्थ नव्हता. फ्रीज घरातच हवा, जिथे बाहेरचं तापमान कायम आतल्यापेक्षा जास्त.

नवऱ्याने आणि मी तो उचलून जिन्याखाली आणला. उभाच ठेवून आणला, तरी चार तास बंद ठेवून मग चालू केला. आवाज आता अख्ख्या घरात. नॉब परत लावायला लागला, जुनी रेघ बाद, नवीन रेघ तीनच्या जवळ. दिवा आज पूर्ण बंद. ताईने आज डोळे एकदाच उघडले.

२३ नोव्हेंबर

बर्ट वादळ, दिवसभर पाऊस धो धो. शेवटची अंघोळ, साध्या पाण्याची. पाण्यात काही नाही, थोडं मऊ युरेट. दोघांना टॉवेलने कोरडं करून मागच्या न तापवलेल्या खोलीत डब्यात ठेवलं, तिथे अकरा अंश आहेत. दोन-तीन दिवस इथे, एकदम अकरावरून पाचवर जातील, वीसवरून नाही.

जिन्याखाली फ्रीज : ४.७ ते ५.५, तीन दिवस सलग. आता विश्वास बसतोय.

२६ नोव्हेंबर

गेले आत. दुपारी अडीच.

वजन : ताई १८३६, गोट्या ४०६. ही झोपेची सुरुवातीची वजनं, पुढचं सगळं गणित यावरून. महिन्याला साधारण एक टक्का घट चालते. एकूण आठ-दहा टक्क्यांकडे जायला लागलं तर उठवायचं. आणि झोपेत शू केली तर वजन-बिजन न बघता त्याच दिवशी उठवायचं, कारण साठवलेलं पाणी गेलं.

ताईला मातीवर ठेवलं तर पाचेक मिनिटं तशीच, मग पुढचे पाय एकदाच बाजूला सरकवले, माती थोडी मागे ढकलली आणि डोकं आत. मान आत जाताना फुस्स असा बारीक श्वास येतो, फुफ्फुसातली हवा बाहेर पडते तो. त्यानंतर ती दगड. आई दारात उभी होती, म्हणाली गीतेतलं स्थितप्रज्ञाचं कासव हेच, सगळं आवरून घेतलं की झालं.

डबे मागच्या भिंतीला टेकवायचे नाहीत, ती भिंतच गार होते. मध्ये चार बोटं जागा. थर्मामीटरची वायर ताईच्या डब्याच्या मातीत खोचलीये, हवेत नाही. दार रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना उघडायचं, दहा सेकंद, आत ताजी हवा जायला.

फ्रीजच्या दारावर आईच्या हस्ताक्षरात चिठ्ठी : उघडू नये. माणसं आहेत.

३० नोव्हेंबर

५.१, ४.९, ५.२, ५.०. लिहिण्यासारखं काही नाही, हेच हवंय.

फक्त एक. मावसभावाने व्हॉट्सॲपवर फोटो बघितला आणि विचारतोय सांगलीत एक मिळतंय, पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी, घेऊ का, फ्रीज आहेच. अरे बाबा. ते स्टार कासव, भारतातलं. एक तर ते घरी ठेवणं गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा, आणि २०१९ मध्ये त्याला साइट्सच्या (वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) पहिल्या परिशिष्टात टाकलंय, म्हणजे रानातून पकडून देशादेशांमध्ये त्याचा धंदा करणं बंद. दुसरं, ते शीतनिद्रा घेणारं कासवच नाही. त्याला फ्रीजमध्ये ठेवलं तर ते झोपणार नाही, मरणार. आफ्रिकेच्या सल्काटाचं, लेपर्डचंही तेच. कासव म्हटलं की थंडीत झोपतं असं नसतं, जात बघायची. मोठा मेसेज पाठवला, उत्तर आलं अंगठा.

७ डिसेंबर, शनिवार

डॅराघ वादळ. काल संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला घरातले तिन्ही फोन एकदम भोंग्यासारखे ओरडले, सायलेंटवर असलेलेसुद्धा, सरकारी इशारा, पहाटे तीनपासून सकाळी अकरापर्यंत रेड वॉर्निंग, घराबाहेर पडू नका. आई देवासमोर होती, तिला वाटलं युद्ध.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. ट्रॅक्टर थांबला त्या शांततेनेच मला जाग आली. टॉर्च मारून बघितलं, ४.९. हिशोब असा की दार उघडायचं नाही, आतल्या सोळा लिटर पाण्यामुळे काही तास निघतील, हीटिंग बंद म्हणजे घरही हळूहळू गारच होणार, ते आपल्या फायद्याचं. सहाला ५.४.

आई उठली, बघितलं आणि काही न बोलता वर जाऊन तिची गोधडी घेऊन आली. मिरजेहून आणलेली, जुन्या नऊवारीची, चांगली जाड. म्हणाली पांघरूण घालू का, गारठतील. मी नको म्हणणार होते आणि मग ट्यूब पेटली. गोधडी ऊब देत नाही, ऊब अडवते. आतली गार हवा आत राहील, बाहेरची ऊब बाहेर. कारण चुकीचं पण काम बरोबर. दोघींनी मिळून फ्रीजला गोधडी गुंडाळली, पुढून थर्मामीटरची स्क्रीन तेवढी उघडी. मग त्या स्क्रीनसमोर जिन्याच्या पायरीवर बसलो, गॅसवर केलेला चहा घेऊन. बाहेर कोणाचं तरी कुंपण रस्त्यावरून गडगडत जात होतं. आई म्हणे, कासवीच्या नुसत्या नजरेनं पिल्लं वाढतात म्हणतात, तुझं उलटंच, तूच टक लावून बसलीयेस.

८ वाजता ५.९. ९:३० ला ६.३. कूलरमधले बर्फाचे पॅक फडक्यात गुंडाळून तयार ठेवले होते, ७ झालं तर डब्यांपासून लांब, वरच्या कप्प्यात ठेवायचे. गरज पडली नाही. ११:२० ला लाइट आली तेव्हा ६.८. गोधडी लगेच काढली, चालू फ्रीजची मागची बाजू झाकायची नाही, नाहीतर तो तापतो. तीनपर्यंत परत ५.२.

ताईचा डबा उघडून बघितला. मागच्या पायाला बोट लावलं. पाय सावकाश, अगदी सावकाश आत गेला. झोपेत आहे पण आहे. माती होती तशीच, शू नाही.

पुढच्या वर्षी : बॅटरीवरचा अलार्म आहे तसाच ठेवायचा, गोधडीसाठी जागा जिन्याखालीच करायची.

२८ डिसेंबर

वजन : ताई १८१९, गोट्या ४०२. दोघांचं साधारण एक टक्का. माती थोडी सुकलेली, कडेने चार चमचे पाणी सोडलं, कासवावर नाही.

१९ जानेवारी २०२५

आई गेल्या आठवड्यात मिरजेला गेली. जाताना फ्रीजला हात लावून नमस्कार केला, देवळातल्या पायरीवरच्या कासवाला करतो तसा. गोधडी ठेवून गेली.

५.०.

९ फेब्रुवारी

पंचाहत्तर दिवस. पुरे. ताईला अजून दोन-तीन आठवडे चाललं असतं, पण गोट्या छोटा, आणि दोन वेळा सगळं करायचा मला कंटाळा.

वजन : ताई १७९७, गोट्या ३९७. दोघंही दोन टक्क्यांच्या जरा वर. सकाळी डबे बाहेर, तीनेक तास मागच्या खोलीत, मग घरात, मग दिवा. ताईने डोळे उघडायला दीड तास घेतला, आधी डावा. मग लगेच कोमट अंघोळ. खाणं नंतर, पाणी आधी. पहिली दहा मिनिटं नुसती बसली, मग मान लांब झाली आणि प्यायली, मी घड्याळ लावलं होतं, चार मिनिटं. टबातून काढून वजन केलं तर १८४१. चव्वेचाळीस ग्रॅम पाणी.

१३ फेब्रुवारी

गोट्याने दुसऱ्याच दिवशी खाल्लं. ताईने आज, चौथ्या दिवशी. आठवड्याच्या आत खाल्लं नाही तर व्हेट, ते लागलं नाही. डँडेलायनचं एक पान, मग अजून एक, मग माझं बोट.

आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. बघितलं आणि पहिला प्रश्न, "काकडी दिलीस का?"

यंदा भाऊबीज २३ ऑक्टोबरला आहे, कॅलेंडरमध्ये बघून ठेवलं. ताईचं शेवटचं जेवण २५ ला.